कुठं म्हणून इचारायचं न्हाई

१

मोरसांगवी रोड ह्या टेशनाच्या नावात रोड हाय, पण तिथवर जायला रोड न्हाई. गावातून निघालं की दीड कोस गाडीवाट, मग एक वढा, मग बाभळीच बाभळी, आन मग एकदम समोर दगडी खोली उभी ऱ्हाती, वाट चुकून आलेल्या सरकारी बाईवानी.

निजामाच्या राज्यात बांधलेली ती खोली. तवा म्हणं हितं मास्तर व्हता, घंटा व्हती, दोन रूळ व्हते, आन दोन गाड्या एकमेकीला वाट द्यायला थांबायच्या. बायांना बसायला येगळी खोली व्हती, तिला कुलूप. कुलपाची चावी मास्तरणीकडं, आन मास्तरीण कायम बाळंतपणाला माहेरी. म्हंजी बाया बाहेरच. पाण्याचे रांजण दोन व्हते, एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा. भरणारा गडी एकच, हीर बी एकच, पण पिणारे आपापल्या रांजणाचं पाणी गोड म्हणून भांडायचे.

मग एक रूळ उपटून नेला. मास्तर गेला, सिग्नल गेला, रांजण फुटले. बायांच्या खोलीत आता पारवे नांदत्यात, बिनकुलपाचे. ऱ्हायलं काय, तर एक बाकडं, एक लिंबाचं झाड, खाजाभाईचा चहाचा ठेला आन सिंधुबाईची तिकिटाची खिडकी. सकाळी पावणेदहाला लातूरकडं जाणारी पॅसेंजर, संध्याकाळी पाचला तीच वापस. थांबती एक मिनिट. म्हातारीचा एक पाय वर पडला की दुसऱ्या पायाखालून गाडी हालती.

सिंधुबाईचा नवरा शेषेराव रेल्वेत व्हता. टेशन बारकं झालं तवा तिकिटं इकायचा ठेका त्याला मिळाला, आन तो गेल्यावर हिला. साठी उलटली, एका डोळ्याचं आपरेशन झालं, तरी बाई सकाळी नवाला हजर. चौथी शिकलेली, पण तारखेचा शिक्का कधी उलटा मारला न्हाई.

ती खिडकी म्हंजी एक गंमतच. भिंतीला कमानीचं भोक, आन इतकं खाली, की आत बसलेल्याला बाहेरचं माणूस दिसतच न्हाई. दिसतो नुसता हात. मनगटापासून पुढं. पण सिंधुबाईला तेवढं बास व्हतं. हा घट्टे पडलेला हात ऊसतोडीवाल्याचा, ही मेंदी नव्या नवरीची, हा थरथरता हात रातची उतरली न्हाई त्याचा. आन बाई गप बसणारी नव्हं. तिकीट देता देता करंगळी धरायची.

"सरपंच झालास, आता तरी नखं काप की."

बाहेर रांग हसायची. एखाद्याच्या तळव्यावर तिकिटाऐवजी चिंचोका ठिवायची, आन तो बिचारा चिंचोका घिऊन गाडीकडं पळायचा.

असली वात्रट बाई, पण एक शब्द तिच्या तोंडून खिडकीत कधी आला न्हाई. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून इचारायचं न्हाई, हे तर आपल्याकडं लेकराला बी ठाऊक. इचारलं की जाणाऱ्यानं मागं फिरायचं, दोन घटका बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. आता तिकीट इकणारानं हे पाळायचं म्हंजी अवघडच की. पण सिंधुबाई पाळायची. लोक आपणहून म्हणायचे, "लातूर दोन," "परळी एक." कुणी नुसता हात घालून गप ऱ्हायला, तर ती इचारायची, "किती?" तेवढंच.

लोकांना वाटायचं, बाई रीतभात पाळती. रीतभात नव्हती ती.

२

मार्चातला मंगळवार. गाडी आली, गेली. सिंधुबाईनं शिक्का डबीत ठिवला, खिडकीची फळी खाली ओढायला हात वर केला, तर खिडकीत एक हात.

बाईचा हात. तळवा वर करून ठिवलेला.

"गाडी गेली की गं," सिंधुबाई म्हणली. "आता संध्याकाळची. ती बी उलट्या तोंडाची."

हात हालला न्हाई. तिला वाटलं, मागणारी असंल. मग तिच्यातली ती खोड जागी झाली, आन तिनं एक चिंचोका उचलून त्या तळव्याच्या मधोमध ठिवला. आता बघते म्हणली, काय करती ती.

काहीच केलं न्हाई. माणसाच्या तळव्यावर काय बी ठिवा, बोटं जराशी तरी मिटत्यात. चार दिवसाचं लेकरू सुदिक धरतं. ही बोटं उघडीच. चिंचोका तळव्यावर आन बोटं तशीच सरळ, जशी काय कुणी मातीची करून ठिवलीत.

सिंधुबाईनं क्षणभर नजर खाली केली, चष्मा पुसला, परत बघितलं. हात न्हाई. चिंचोका खिडकीच्या दगडावर. पडल्याचा आवाज झाला नव्हता.

ती बाहेर आली. खाजाभाई ठेल्यावर ग्लास इसळत व्हता, खिडकीपासून धा पावलांवर.

"खाजाभाई, कोण व्हती रं ती?"

"कोन?"

"आत्ता खिडकीत हात घालून उभी व्हती ती."

खाजाभाईनं ग्लास खाली ठिवला आन दात काढले. "भाबी, सकाळी सकाळी मीच गावलो का? तुमी फळी अर्धी ओढली, आतून हात काढून चिंचोका बाहीर ठेवला. मला वाटलं माझ्यासाठीच ठेवला. उचलायला गेलो असतो तर वर्षभर हसल्या असत्या."

"थट्टा न्हाई करून राहिले."

"हाव हाव. मागल्या साली बी थट्टा नव्हती, साखरंच्या डब्यात मीठ घातलं तवा."

जलमभर लोकांना बनवलं की असं हुतं. खरं बोलायची येळ आली, आन ऐकणारा हसू दाबून बसला.

३

सिंधुबाई भेदरट नव्हती. तिनं आपल्या परीनं हिशोब लावला. एक, आपरेशन झालेला डोळा. डॉक्टर म्हणलाच व्हता, कधीमधी सावल्या दिसतील, घाबरू नका. दोन, उपास. मंगळवार व्हता, पोटात नुसता चहा. तीन, ऊन. अंधाऱ्या खोलीतून उन्हात बघितलं की डोळ्यापुढं काय बी नाचतं. तीन कारणं म्हंजी भरपूर झाली. एका हाताला आणखी किती लागत्यात.

आठ दिवसांनी हात परत आला. ह्या येळंला गाडी उभी व्हती. सगळ्यांची तिकिटं देऊन झाली आन सगळ्यात शेवटी तो. तिनं चांगला डोळा झाकला, आपरेशनच्या डोळ्यानं बघितलं. हात व्हता. तो डोळा झाकला, चांगल्यानं बघितलं. हात व्हता. दोन्ही झाकले. तवा मातर तिला थंडगार वाटलं, कारण डोळे झाकल्यावर तिला वास आला. बंद घरातल्या मातीचा, पाणी शिंपडायच्या आधीचा, कोरडा.

मग तो रोज यायला लागला. आन रोज जरा आधी. एक दिवस शेवटाला, मग शेवटून दुसरा, मग तिसरा. रांगेत पुढं पुढं सरकून राहिला. एकदा त्याच्या मागं सिद्धलिंगचा नंबर व्हता, दुधाच्या कॅना घिऊन जायचा तो. तळवा खिडकीत हायच, आन सिद्धलिंगनं त्या तळव्यावरच नोट ठिवली. त्याला काय दिसलंच न्हाई. नोट खाली दगडावर जाऊन टेकली.

"लातूर एक. काय बघता, मावशी? नोट फाटकी न्हाई."

"न्हाई रं. तुझ्या पुढं कोण हाय?"

"माझ्या पुढं तुम्हीच."

रांग हसली. सिंधुबाई पण हसली, सवयीनं.

एप्रिलात ऊन सरकलं आन खिडकीच्या दगडावर सकाळचा कवडसा पडायला लागला. त्या कवडशात एक दिवस ते मनगट आलं. मनगटावर गोंदण व्हतं. तुळशीचं वृंदावन, वर डहाळी, डहाळीला एका अंगाला तीन पानं. दुसऱ्या अंगाला काहीच न्हाई. कोरं कातडं. नखांत पांढरी माती भरलेली.

सिंधुबाईच्या हातातला शिक्का तसाच राहिला. मागून कुणीतरी म्हणलं, "बाई, गाडी हालंल की." तिनं तिकीट दिलं, कुणाला दिलं ते बी कळलं न्हाई.

अर्धी तुळस गोंदलेली बाई तिला एकच ठाऊक व्हती. गोंदणारीनं सुई टोचली तवा तो हात खाली दाबून धरायला सिंधुबाईच तर बसली व्हती. डावं अंग झालं, आन पोरगी हिसका मारून जी पळाली, ती थेट पाटाच्या पाण्यात हात बुडवून बसली.

४

शिवगंगा. धाकट्या दिराची, लिंबाजीची बायको. सिंधूची जाऊ.

भोळी व्हती, लई भोळी. सांगितलेलं खरं धरायची. चंद्राला आज कुलूप लावलंय म्हणलं, तर अंगणात जाऊन वर बघायची. आन सिंधूचं वय तवा तिशीच्या आतबाहेर, अंगात किडे. असली जाऊ मिळाली म्हंजी चैनच झाली की.

शिवगंगेचं माहेर किल्लारीच्या शेजारी. गाडीनं जायचं, पुढं यष्टी. शेषेराव टेशनात कामाला, तर सिंधू मास्तरचा डबा घिऊन यायची. मास्तर सिग्नलच्या कामाला बाहेर गेला, की ही त्याच्या खुर्चीवर बसायची. शिवगंगा पिशवी घिऊन आली, नवं पातळ नेसून, खिडकीत हात घातला, की ही आतून मास्तरवानी घोगरा आवाज काढायची, "कुठं?"

झालं. शिवगंगा मागं फिरायची. बाकड्यावर बसायची, पाणी प्यायची, आन तवर गाडी धूर सोडत वढ्यापलीकडं. मग सिंधू बाहेर यायची, पोट धरून. सगळे हसायचे. शिवगंगा बी हसायची, डोळ्यात पाणी घिऊन. उद्या परत निघायचं, तर उद्या शेतात काम.

त्या साली तीनदा झालं असं. पंचमीला, राखीला, गौरीला. गौरीच्या येळंला शिवगंगा हसली न्हाई. घरी आली, चुलीपाशी बसली आन म्हणली, "आक्का, तुला गंमत वाटती. माझी आई दोन दिवस दारात बसून ऱ्हाती. येणाऱ्या दर यष्टीला उठून उभी ऱ्हाती."

सासू ऐकत व्हती. सासूनं सिंधूला पुढ्यात बोलावलं, तिचा हात शिवगंगेच्या डोक्यावर ठिवायला लावला आन शपथ घ्यायला लावली. हिला कुठं म्हणून इचारणार न्हाई. कुणालाच इचारणार न्हाई.

आठवडाभरात गणपती उठायचे व्हते. माहेरच्या गावात मिरवणूक मोठी, म्हणून शिवगंगा त्या सकाळी निघाली. मास्तर बाहेर गेलेला. सिंधू खुर्चीवर. हात आला खिडकीत, अर्ध्या तुळशीचा. सिंधूच्या जिभेवर आलता शब्द. तोंडात अशी गुदगुली झाली, की तिनं पदर चावला. पण शपथ ताजी व्हती. तिनं तिकीट तळव्यावर ठिवलं. शिवगंगेनं बोटं मिटली, आन वाकून आत बघितलं, आक्काच हाय का म्हणून. हसली. आन गेली.

त्या रातीला चारच्या सुमाराला जमीन हालली. हितं नुसती भांडी पडली. तिकडं पांढऱ्या मातीची माळवदाची घरं माणसांच्या उरावर बसली. लिंबाजी तिसऱ्या दिवशी वापस आला. त्याचे हात उकरून उकरून कोपरापर्यंत पांढरे व्हते.

जलमभर सिंधूनं शंभर थट्टा केल्या. त्यातली एक करायची ऱ्हायली, आन तीच करायला पाहिजे व्हती. हे तिनं कुणाला सांगितलं न्हाई. सांगून तरी काय सांगायचं. मी तिला तरास दिला न्हाई, म्हणून ती गेली?

शपथ मातर पाळली. शिवगंगा न्हाई राहिली तर शपथ तरी राहू दे, म्हणून.

५

सिंधुबाईची नात सृष्टी. लेक पुण्याला कंपनीत, सून वर्षाराणी गावातच अंगणवाडीत, आन पोरगी दोन वर्षं लातूरला क्लास लावून डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलेली. दोन वर्षं म्हंजी दिवाळीला बी पुस्तकातून मान वर केली न्हाई. परीक्षेच्या आधी दोन दिवस घरी आली, आज्जीच्या हातचं वरण-भाकर खायला. मेचा पहिला आठवडा, रविवार. दुपारी दोनला पेपर लातूरला, दीडला गेट बंद.

"आज्जी, डॉक्टर झाले की पहिलं इंजेक्शन तुलाच."

"मोठी सुई आण. माझं कातडं म्हशीचं हाय."

"दोन सुया आणते. एक जिभेला."

असं बोलत तिघी टेशनावर आल्या. सिंधुबाई आत जाऊन बसली. बाहेर रांग लागली, सात-आठ माणसं. तिनं पहिलं तिकीट दिलं, दुसरं दिलं. हात अजून आला नव्हता. तिला हायसं वाटलं. आज रविवार, म्हणली, आज सुट्टी असंल तिला. मनातल्या मनात थट्टा केली आन तेवढ्यानं बरं वाटलं.

मग सृष्टीचा हात आला. बोटाला निळी शाई, अंगठ्याचं नख चावलेलं. आज्जीला चिडवायला तिनं चुटकी वाजवली. "लातूर दोन. लवकर, बाई, लवकर."

आन त्या हाताशेजारी दुसरा हात आला. रांगेत मागं न्हाई, शेजारी. आला, आन सृष्टीच्या मनगटावर टेकला. तळवा पहिल्यांदाच खाली.

"आज्जी, दे ना. मुंग्या आल्यात हाताला."

सिंधुबाईच्या हातात तिकिटं व्हती, शिक्का मारलेली. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला, वढ्याच्या वळणावरचा. तिच्या डोक्यात किती गोष्टी गेल्या. डोक्यावर हात ठिवून घेतलेली शपथ. पोरीची दोन वर्षं. दारात बसलेली शिवगंगेची आई. डॉक्टर म्हणला व्हता सावल्या दिसतील. पण सगळ्याच्या वर एकच, एकदा इचारलं न्हाई, सिंधू. एकदा पदर चावून बसलीस.

ती म्हणली, "कुठं?"

आवाज घोगरा निघाला. तिनं काढला नव्हता तसा.

रांगेतली माणसं खिडकीकडं वळली. बाहेर सृष्टी हसली. "लातूरला, अजून कुठं. काय आज्जी."

पण मागं वर्षाराणी उभी व्हती. "आत्याबाई, काय म्हणलात?" ती खिडकीशी आली. "आजच्या दिवशी? तुम्ही कधी इचारीत न्हाई कुणाला, आन आज पोरीला?" आन पोरीचा दंड धरून, "मागं फिर. बस बाकड्यावर. पाणी पी."

"आई, गाडी आली."

"येऊ दे. अपशकुन करून पेपरला जायचं न्हाई."

"आई, एक मिनिट थांबती ती."

"एक घोट पी म्हणते ना."

खाजाभाईनं पळत पाणी आणलं. सृष्टीनं उभ्यानंच घोट घेतला, तोंडावर सांडला, पळाली. वर्षाराणी पिशवी घ्यायला वाकली. गाडी हालली. पोरगी डब्याच्या दांड्याकडं हात करून चार पावलं धावली, आन आईनं मागून वढणी धरली, कारण चालत्या गाडीत चढताना लोक मेलेले तिनं बघितलेत.

आत सिंधुबाई खुर्चीवर बसून व्हती. खिडकीतला दुसरा हात गेला व्हता. तिला छातीत इतकं हलकं वाटलं, बत्तीस वर्षांत वाटलं नव्हतं. लेकरू वाचलं, म्हणली.

६

मायलेकी गावाकडं पळाल्या. जीप मिळाली, पण शिटं भरल्याबिगर जीप हालत न्हाई. मग हालली. वाटंत वरात. रविवार, लगनाची तीथ, नवरदेव घोड्यावर, आन डीजेच्या गाडीनं सगळा रस्ता अडवलेला.

हिकडं सिंधुबाई ठेल्यावर येऊन बसली. दर पाच मिनिटाला खाजाभाईला म्हणायची, "बघ बरं तुझ्या मोबाईलमधी. गाडीचं काय झालं."

"काय व्हायचंय भाबी? चाललीय."

जरा येळानं परत. "बघ बरं."

बाराला खाजाभाईनं मोबाईल तिच्यापुढं धरला. "पोचली लातूरला. एक मिनिट बी लेट न्हाई. घ्या."

सिंधुबाईचं तोंड उतरलं. आन उतरलं ते तिचं तिलाच कळलं. गाडीभर माणसं सुखरूप उतरली, दूधवाला, लेकुरवाळ्या, कोण कोण, आन आपण हिरमुसलो. सकाळपास्नं आपण वाट कशाची बघत व्हतो, हे तिच्या ध्यानात आलं आन तिनं चहाचा ग्लास खाली ठिवला.

दीडला गेट बंद झालं. ह्या दोघी पावणेदोनला पोचल्या.

संध्याकाळच्या गाडीनं सृष्टी उतरली. डोळे कोरडे. खोलीत आली, आज्जीसमोर उभी राहिली. "गेटाच्या गजातून हात आत घातला मी," ती म्हणली. "माझ्यासंगं अजून दोघी व्हत्या. आतले लोक आमच्या हाताकडं बघत व्हते, तोंडाकडं न्हाई." मग म्हणली, "का इचारलंस, आज्जी?"

सिंधुबाईनं तोंड उघडलं. सांगायचं काय? अर्धी तुळस? पांढरी माती? जिनं मीठ साखरंत घातलं, ती हे सांगणार, आन पोरगी ऐकणार?

"थट्टा केली गं," ती म्हणली.

सृष्टीनं मान हालवली, जशी काय तिला ठाऊकच व्हतं. पिशवी उचलली आन चालायला लागली. आज्जीसाठी थांबली न्हाई.

७

सोमवारी सकाळी सिंधुबाईनं फळी वर केली. गाडीला अजून पाऊण तास. टेशनात चिटपाखरू न्हाई. खाजाभाई सुद्धा आला नव्हता.

हात खिडकीत व्हता. तळवा वर. रांगेत पहिला.

सिंधुबाई बसली. बघत राहिली. आन हळूहळू तिला समजायला लागलं. आधी शेवटून पहिला, मग दुसरा, मग तिसरा. कालचा नंबर पोरीच्या बरोबरचा, आजचा सगळ्यांच्या पुढं. हात कुणाच्या मागं नव्हता. कुणाला न्यायला आला नव्हता, कुणाला वाचवायला बी न्हाई. तो आपला रांगेतून पुढं येऊन राहिला व्हता, आपली पाळी कधी येती बघत. पोरगी मधी आली, म्हणून तिच्या हातावर टेकला. गर्दीत टेकतो तसा.

आन जे त्याला इचारायचं, ते हिनं पोरीला इचारलं.

सिंधुबाईनं पदर डोळ्याला लावला. शपथ तर काल मोडलीच व्हती. ती पुढं वाकली आन म्हणली, आपल्याच आवाजात, बारीक, "कुठं गं, शिवगंगे?"

बाहेर पातळाचा आवाज झाला. कुणीतरी वाकून राहिलं. कवडसा झाकला गेला. कमानीच्या वरच्या कडेतून आधी हनुवटी आली, मग ओठ. ओठांच्या कोपऱ्यात पांढरी माती, वाळून भेगाळलेली. ओठांच्या वर सिंधुबाईनं बघितलं न्हाई. बघवलं न्हाई. पण ओठ हसत व्हते, ते कळलं.

"लई येळ लावलास इचारायला, आक्का."

आवाज कोरडा, तोंडात काहीतरी भरल्यावानी.

"हितंच यायचं हाय. मोरसांगवीला. दे."

सिंधुबाईनं समोरच्या लाकडी खणांकडं बघितलं. लातूर, परळी, नांदेड, गंगाखेड. सगळी हितून जाण्याची. हितून हितं यायचं तिकीट कुणी छापलं न्हाई. निजामानं न्हाई, नंतरच्यांनी बी न्हाई. हात थांबून व्हता. बोटं उघडी. आता फळी ओढली तर ती हात चिरडंल, आन न ओढली तर वरचं तोंड आणखी खाली वाकंल.

मग सिंधुबाईनं, जे तिला जलमभर जमलं, तेच केलं.

"तिकिटं संपलीत गं आज," ती म्हणली. "उद्या ये."

ओठ जरा येळ तसेच राहिले. मग वर गेले. हात मागं सरला. दगडावर पांढऱ्या मातीची बारीक रेघ राहिली, ती तिनं पदरानं पुसली.

सृष्टी जूनमधी परत लातूरला गेली, अजून एका वर्षासाठी. जीपनं गेली. आज्जीच्या पाया पडली, पण बोलली न्हाई.

सिंधुबाई आता नवाऐवजी आठलाच खिडकी उघडती. खाजाभाई इचारतो, भाबी, एवढ्या लवकर कुनासाठी? ती काय सांगत न्हाई, आन तो बी आता हसत न्हाई. आत बसून ती रोज तेच म्हणती, हळू, लेकराला समजवावं तसं. आज संपली गं. उद्या नक्की.

आन ती भोळी खरं धरती.